अंगणातली शाळा : पद्मभूषण कै. ताराबाई मोडक

दुबलगुंडी हे माझे गाव. बिदर जिल्ह्यात, हुमनाबादच्या बाजूला. गावात मराठी, कानडी आणि दखनी उर्दू अशा तिन्ही भाषा एकाच कट्ट्यावर बसतात. आमच्या गल्लीच्या टोकाला एक खोली आहे. तिच्यावर कानडी लिपीत पाटी आहे आणि त्या पाटीवर ‘अंगणवाडी’ असे लिहिलेले आहे. माझी आई तिथे मदतनीस आहे. सकाळी खोली झाडणे, पाणी भरणे, मुलांना घरोघर जाऊन बोलावून आणणे आणि त्यांच्यासाठी शिजवणे हे तिचे काम. ती पाटी मी लहानपणापासून वाचत आलो. पण हा शब्द कानडी की मराठी, तो कोणी पहिल्यांदा वापरला, असा प्रश्न मला कधी पडला नाही. सरकारी पाटीवरचे शब्द सरकारच बनवत असेल, असे मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक हाती आले. ते वाचताना कळले, की या शब्दामागे एक बाई आहे. तिने तो कचेरीत बसून बनवला नाही. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा उचलून ती मुलांच्या अंगणात घेऊन गेली आणि मग त्या शाळेला नाव दिले. त्या बाईचे नाव ताराबाई मोडक. आमच्या कानडी मित्रांसाठी सांगतो, की मराठीतले ‘अंगण’ आणि कानडीतले ‘अंगळ’ ही भावंडेच आहेत. म्हणून हा शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंना परका वाटला नाही.

ताराबाईंचे चरित्र थोरामोठ्यांच्या यादीत असते तसे ठोकळ स्वरूपात सांगायचे तर एका परिच्छेदात संपेल. पण मला ते वाचताना माझ्या आक्काची आठवण सारखी येत राहिली. ती का, हे पुढे सांगतो.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते आणि त्यांनी एका विधवेशी विवाह केला होता. त्या काळी अशा घराला समाज सहज जवळ करीत नसे. मुलीला शिकवायचे हे मात्र त्या घरात ठरलेलेच होते. ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्ण विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण तो संसार टिकला नाही आणि १९२१ साली त्या विभक्त झाल्या. एक लहान मुलगी पदरात, आणि पतीपासून वेगळी झालेली बाई म्हणून मिळणारी समाजाची नजर. शंभर वर्षांपूर्वीची ती गोष्ट आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आजही आमच्या गावात अशा बाईला सकाळच्या वेळी पाण्याच्या नळावर काय काय ऐकावे लागते, ते मी पाहिलेले आहे.

यानंतर ताराबाई राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. ती मानाची जागा होती. सामान्य माणसाने अशा जागी आयुष्य काढले असते. पण याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिराचे नाव त्यांच्या कानी आले. तेथे गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ लहान मुलांची एक निराळी शाळा चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते शिक्षणाकडे वळले आणि १९२० साली त्यांनी हे बालमंदिर सुरू केले. मुलांवरच्या मायेमुळे गुजरातेत त्यांना मिशा असलेली आई म्हणून ओळखतात. इटलीतल्या डॉ. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये गरिबांच्या वस्तीत जे बालगृह काढले होते, त्याची पद्धत गिजुभाईंनी आपल्या मातीत आणली होती. मुलाला मारायचे नाही, घोकायला लावायचे नाही. त्याच्या हाताला काम द्यायचे आणि त्याला स्वतः पाहू, मोजू, लावू द्यायचे, हे त्या पद्धतीचे सूत्र.

राजकोटची नोकरी सोडून १९२३ साली ताराबाई भावनगरला गिजुभाईंच्या हाताखाली आल्या. तेथे त्यांनी नऊ वर्षे काढली. भाषा गुजराती, गाव परके. तरी त्यांनी गुजरातीत शिकवले, गुजरातीत लिहिले आणि गिजुभाईंबरोबर ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक चालवले. १९२६ साली ‘नूतन बाल शिक्षण संघ’ स्थापन झाला, त्यातही या दोघांचा पुढाकार होता. १९३२ साली त्या मुंबईला परतल्या. दुसऱ्या वर्षी ‘शिक्षण पत्रिका’ मराठीत निघू लागली आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत ‘शिशुविहार’ सुरू झाला. तेथे मुलांच्या वर्गाबरोबर शिक्षिका तयार करण्याचे काम चाले. दोन भाषांच्या मध्ये आयुष्य काढणे म्हणजे काय, हे आम्हा सीमेवरच्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. ताराबाईंनी ती अडचण मानलीच नाही.

इथपर्यंतचे चरित्र हे शहरातल्या एका यशस्वी शिक्षणतज्ज्ञ बाईचे आहे. खरे चरित्र मला यापुढे सुरू होते असे वाटते. दादरच्या शिशुविहारात येणारी मुले धुतलेल्या कपड्यांची, खाऊन-पिऊन आलेली होती. माँटेसोरीची साधने म्हणजे घोटीव लाकडाचे मनोरे, दट्टे, रंगीत पाट्या. ती साधने महाग असतात. ज्या पद्धतीचा जन्म गरिबांच्या वस्तीत झाला, ती आपल्याकडे श्रीमंतांच्या मुलांचीच होऊन बसणार काय, हा प्रश्न ताराबाईंना पडला. त्याचे उत्तर त्यांनी लेख लिहून दिले नाही. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या आणि तेथे त्यांनी ‘ग्राम बाल शिक्षा केंद्र’ काढले.

बोर्डी हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले, म्हणजे २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यातले, समुद्रकाठचे गाव. गुजरातची सीमा जवळच. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या. या दोघींचा हा सहवास ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकला.

बोर्डीत काय झाले, ते नीट पाहण्यासारखे आहे. गावात मध्यभागी बालवाडी निघाली; पण वाड्यापाड्यांवरची मुले तेथवर पोचेनात. ज्या मुलांसाठी हा खटाटोप, तीच बाहेर राहिली. तेव्हा ताराबाईंनी शिक्षिकांना त्या वस्त्यांतच पाठवले. एखाद्या घरापुढचे अंगण, एखाद्या झाडाची सावली, तिथेच मुले गोळा करायची. आधी त्यांची नखे काढायची, केस विंचरायचे, तोंडे धुवायची, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच ती अंगणवाडी.

आता साधनांचे काय? अंगणात माँटेसोरीची पेटी कोठून येणार? ताराबाईंनी आजूबाजूला पाहिले आणि साधने तेथेच पडलेली होती. समुद्रकाठचे शंख-शिंपले, गोटे, चिंचोके, झाडांची पाने, फुले, बिया, माती, बांबू. लहानमोठे क्रमाने लावायला मनोरा नसला तर गोटे चालतात. रंग ओळखायला पाट्या नसल्या तर फुले आणि पाने चालतात, आणि ती तर दर ऋतूत नवी मिळतात. खरखरीत आणि गुळगुळीत हा भेद सागाच्या आणि वडाच्या पानांवरून बोट फिरवल्यास पुस्तकापेक्षा लवकर कळतो. झाडापानांशी आणि किड्यामुंग्यांशी मुलांची ओळख हा अशा शिक्षणात वेगळा तास राहत नाही. अंगणात बसले की मुंगी आपोआप वर्गात येते.

१९५७ साली हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. ज्या वयात माणसे नातवंडांत रमतात, त्या वयात त्या वारल्यांच्या मुलांत गेल्या. वारली मुलाला रानातली झाडे, पाखरे, किडे यांची माहिती शिक्षिकेहून अधिक. पण शाळेत मात्र ते मूल मठ्ठ ठरते, कारण शाळा त्याला जे येते ते कधी विचारतच नाही.

कोसबाडला एक अडचण अशी आली, की मोठी मुले, विशेषतः मुली, शाळेत येत नसत. कारण साधे होते. आईबाप मजुरीला जात आणि धाकटे भावंड मुलीच्या कडेवर असे. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही आणि मुलींना दंडही केला नाही. त्यांनी शाळाच बदलली. एकाच ठिकाणी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा आणली. मुलीने भावंडाला कडेवर घेऊनच यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि आपण वर्गात बसावे. हीच ‘विकासवाडी’. आणि जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यामागे शिक्षक कुरणात गेले. गुरे चरताहेत आणि तिथेच शाळा चालली आहे, तिला नाव पडले ‘कुरणशाळा’.

विकासवाडीची ही हकीगत वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. माझी आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी जन्मलो तेव्हा ती दुसरीत होती. आई तेव्हा दुसऱ्यांच्या शेतात खुरपणीला आणि तुरीच्या कापणीला जाई. अंगणवाडी गावात होती. पण तिथे तीन वर्षांच्या पुढची मुले बसवत, तान्ह्याची सोय नव्हती. मग मी आक्काच्या कडेवर गेलो. काही दिवस ती मला घेऊन शाळेत गेली. मी रडलो. वर्गातल्या गुरुजींनी तिला मला शांत करून मग ये म्हणून सांगितले. ती व्हरांड्यात आली, मग फाटकापर्यंत, मग घरी. पुढे तिचे नाव पटावरून केव्हा गेले, ते घरात कोणालाच आठवत नाही. मी आज बी.ए.च्या शेवटच्या वर्षात आहे आणि आक्का बँकेत अंगठा उठवते. कोसबाडला जी युक्ती १९५७ नंतर चालली, ती जवळजवळ पन्नास वर्षांनी आमच्या गावापर्यंत पोचलेली नव्हती. ताराबाईंचा शब्द आमच्या पाटीवर आला होता. शब्दामागची सगळी शाळा आली नव्हती.

तो शब्द आमच्यापर्यंत कसा आला, तेही थोडक्यात सांगतो. १९६२ साली ताराबाईंना ‘पद्मभूषण’ मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली. त्यांत कर्नाटकातले ठिकाण होते म्हैसूर जिल्ह्यातले टी. नरसीपूर. या योजनेच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव दिले गेले. एका बाईने एका वस्तीच्या अंगणाला दिलेले नाव आज देशातल्या बहुतेक भाषांत आहे. ते ऐकायला ती स्वतः राहिली नाही.

सुट्टीत घरी गेल्यावर हे सारे मी आईला सांगितले. आई चौथी शिकलेली. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, की दगड-पाने घेऊन शिकवायचे तर मग आपण का नाही शिकवत? आमच्या अंगणवाडीच्या कार्यकर्ती बाई कानडी बोलणाऱ्या, समजूतदार आहेत. त्यांनीही होकार दिला. मी काही दिवस त्यांच्यात बसलो. जे केले ते असे.

मुलांनी अंगणात पडलेली पाने आणायची आणि कडा पाहून गट लावायचे. सरळ कड पिंपळाची, करवतीसारखी कड कडुनिंबाची. पानावर कागद ठेवून वर कोळसा घासला की शिरा उमटतात. नारळाच्या करवंट्यांत माती घालून मूग, तूर आणि ज्वारी पेरली. ज्वारीला एकच पान आधी येते, मुगाला दोन, हे सर्वांत धाकट्या मुलीने आम्हा मोठ्यांच्या आधी पाहिले.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर मखमली लाल किडे मातीतून वर आले. मुलांनी पाय मोजले. मुंगीचे सहा, मृगाच्या किड्याचे आठ, कोळ्याचेही आठ. म्हणजे हा मुंगीपेक्षा कोळ्याच्या घरचा, हे पोरांनी बोटांवर सिद्ध केले. गुळाचा खडा ठेवून मुंग्यांची रांग पाहिली. मध्ये ओली काडी आडवी टाकली की रांग कशी थबकते आणि पुन्हा कशी लागते, ते पाहिले. रुईच्या पानावरची पट्ट्यापट्ट्यांची अळी काचेच्या बरणीत ठेवली, तोंडाला फडके बांधले आणि रोज ताजे पान घातले. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून पाने आईच तोडी; केसाळ अळीला कोणी हात लावायचा नाही आणि शेवटी हात धुवायचे, हेही ठरलेले होते. काही दिवसांनी अळीचा कोष झाला आणि एका सकाळी त्यातून नारिंगी फुलपाखरू निघाले. मराठी मुलांनी फुलपाखरू म्हटले, कानडी मुलांनी चिट्टे, बाकीच्यांनी तितली. त्या दिवशी सगळ्यांना तिन्ही शब्द आले. ज्या वयात आम्ही भाषेवरून गट करायला शिकतो, त्या वयात त्यांनी फुलपाखराभोवती गट केला.

हे सर्वांना आवडले असे लिहिले तर ते खोटे होईल. काही पालक चिडले. शेजारच्या खासगी नर्सरीतली मुले इंग्रजी अक्षरे म्हणून दाखवतात, आणि आपली मुले अंगणवाडीत जाऊन अळ्या पाहतात, ही काय पद्धत, असे म्हणत दोघांनी मुले काढून घेतली. आईला ते फार लागले. पटावरची मुले कमी झाली की वरून विचारणा होते आणि मदतनीसाची जागाही डळमळते. आईने बरणी उचलून ठेवली. मला वाटले, हे आता संपले.

बरणी पुन्हा खाली आणली ती आक्काने. तुरीला फुले धरली तेव्हा ती आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली होती. तो महिनाभर आईबरोबर अंगणवाडीत बसला. एका दुपारी तो शेतातून शेंगा घेऊन आला. एका शेंगेला गोल भोक होते आणि त्यातून अळीचे अर्धे अंग बाहेर होते. त्याने ती आजोबांना दाखवली, आणि फुलांवरची बारीक अंडी कुठे आहेत तेही दाखवले. ही अळी आमच्या बिदर-गुलबर्ग्याच्या तुरीची जुनी वैरीण. मोठी झाल्यावर औषधालाही ती दाद देत नाही. लहान असतानाच सापडली तर बरे. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी जुनी धोतरे आणि पोती झाडांखाली अंथरली आणि तूर हलवली. अळ्या टपटप पडल्या. हा उपाय आमच्याकडे जुनाच आहे. वेळ मात्र बहुधा चुकते. यंदा ती चुकली नाही. त्या मुलाने तूर वाचवली असे मी म्हणणार नाही. पण शेजारच्या ज्या काकांनी आपला मुलगा काढून घेतला होता, ते बांधावर उभे राहून पाहत होते, एवढे नक्की. चार दिवसांनी त्यांचा मुलगा पुन्हा अंगणवाडीत आला. दुसरा मात्र अजून आलेला नाही.

त्या रात्री मी आक्काला विकासवाडीची हकीगत सांगितली. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका जागी. ती भाकरी थापत होती. ऐकून झाल्यावर तिने कोसबाड इथून किती लांब आहे, एवढेच विचारले. मी सांगितले, की रेल्वेने मुंबई गाठायची आणि तेथून पुढे डहाणू. तिने मान हलवली आणि तव्यावरची भाकरी उलटली. तिने मला काही बोल लावला नाही. तिने तो कधीच लावलेला नाही, आणि तेच मला अधिक जड जाते.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण पुढे शिक्षक होतील. ताराबाईंच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. त्यांनी मात्र आयुष्यभर एकच गोष्ट केली. मूल शाळेत येत नसेल तर चूक मुलाची नव्हे, असे धरून त्या चालल्या आणि शाळा हलवत राहिल्या. आधी भावनगरहून मुंबईला, मग मुंबईहून खेड्यात, खेड्यातून अंगणात, अंगणातून कुरणात. आपल्याला एवढे जमणार नाही. पण वर्गाच्या दाराशी एखादी मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी राहिली तर तिला आत बसवून घेणे आपल्याला जमेल. भाऊ रडला तर त्याला खिडकीतली मुंगी दाखवावी.

आक्का आता मुलाबरोबर संध्याकाळी पाटी घेऊन बसते. आपले नाव ती मराठीत लिहू लागली आहे. कानडीत शिकवायचे त्या कार्यकर्ती बाईंनी कबूल केले आहे.